घडीचं छत अर्ध्यावर अडतं तेव्हा: हार्डटॉप कन्व्हर्टिबलची दुरुस्ती, खटक्यापासून सिलिंडरपर्यंत

डिकीचं झाकण मागच्या बाजूला उलटं उघडून उभं, छताचे तुकडे हवेत, चारही काचा खाली, डॅशबोर्डवर एक दिवा लुकलुकतोय आणि बटण दाबलं की मागून नुसता 'टक्' असा आवाज. घडीचं कडक छत असलेली कन्व्हर्टिबल, म्हणजे छत घडी करून डिकीत ठेवता येणारी गाडी, दहा-पंधरा वर्षं वापरली की हे दृश्य बहुधा एकदा तरी बघावं लागतं. बघणाऱ्याचा पहिला निष्कर्षही ठरलेला: पंप, म्हणजे छत हलवणाऱ्या सिलिंडरांना दाबाने तेल पुरवणारा, तो गेला. माझाही तोच होता आणि तो चुकला. हे छत एकदम मोडत नाही, ते अडून बसतं. पंधरा-वीस हालचालींच्या साखळीत कुठल्या तरी एका कडीपाशी त्याला पुढची परवानगी मिळत नाही आणि ते तिथेच थांबतं. ती कडी सापडेपर्यंत पान्याला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम मी पाळतो.

आधी तिथल्या तिथे

रस्त्यातच अडकला असाल तर निदान नंतर, आधी छत मिटवायचं बघा. बटण सारखं सारखं दाबू नका. पंपाची मोटर थोडाच वेळ चालण्यासाठी बनवलेली असते. सलग दोन-तीन फेऱ्या झाल्या की ती तापते आणि मग कंट्रोल युनिटच (छताचा संगणक) तिला काही वेळ बंद ठेवतं. म्हणजे मूळ दोष किरकोळ असला तरी दाबून दाबून आपणच दुसरा उभा करतो.

गाडी सपाट जागी घ्या. एक चाक फुटपाथवर आणि तीन खाली असतील तर कन्व्हर्टिबलची बॉडी किंचित पीळ घेते. वर छताचा आधार नसल्यामुळे तिला तो पीळ जास्त जाणवतो, आणि लॅचच्या (छत पकडून ठेवणाऱ्या कडीच्या) खुंट्या भोकासमोर येत नाहीत. इंजिन चालू करा. डिकीतलं सामान झाकणारा पडदा किंवा जाळी पूर्ण ओढून अडकवलेली आहे ना, ते पाहा. मग बटण एकदाच, पण सलग दाबून धरा. पुढे जात नसेल तर उलट दिशेने दाबून बघा. पुष्कळदा छत एक पायरी मागे येतं, आणि पुन्हा पुढे नेलं की अडलेली जागा ओलांडून जातं. तरीही ढिम्म, तर दहा-पंधरा मिनिटं थांबून पंप थंड होऊ द्या.

या वेळात एक काळजी घ्या. अर्धवट छत हवेत टिकतं ते फक्त तेलाच्या दाबावर. काही मिनिटांनी तो दाब उतरतो आणि झाकण किंवा छत हळूहळू, कधी धाडकन, खाली येतं. त्यामुळे बिजागऱ्यांच्या मधे बोटं, हात, डोकं घालून 'काय अडकलंय' ते बघायचं नाही. मुलं असतील तर गाडीपासून लांब उभी करा.

शेवटचा उपाय म्हणजे हाताने मिटवणं. प्रत्येक मॉडेलची रीत वेगळी, ती गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. गाभा साधारण सारखाच: इग्निशन बंद, पंपावरचा दाब सोडायचा स्क्रू किंवा व्हॉल्व्ह उघडा, डिकीचं झाकण हाताने मागे करा, दोन्ही बाजूंना एकेक माणूस उभं राहून छत एकाच लयीत उचलून पुढे आणा, आणि समोरच्या काचेच्या चौकटीतलं लॅच गाडीसोबत मिळालेल्या ॲलन कीने फिरवून बंद करा. हे एकट्याने करू नका. एका बाजूने उचललेलं छत तिरकं होतं आणि बिजागरीचे हात वाकतात. तो खर्च पंपापेक्षा भारी पडतो. घरी पोचल्यावर तो व्हॉल्व्ह पुन्हा घट्ट बंद करायला विसरू नका. माझ्या एका मित्राच्या गाडीला गॅरेजवाल्याने नवा पंप सांगितला होता. पंप व्यवस्थित फिरत होता, दाबच तयार होत नव्हता. आधीच्या वेळी छत हाताने मिटवताना उघडलेला स्क्रू तसाच राहिला होता. अर्ध्या मिनिटाचं काम.

छत काय काय करतं, ते एकदा बाहेर उभं राहून बघा

ही कल्पना काही नवी नाही. १९३४ साली प्यूजोने ४०१ मॉडेलवर डिकीत जाणारं पत्र्याचं छत आणलं. त्यामागे जॉर्ज पोलँ या व्यवसायाने दंतवैद्य असलेल्या माणसाचं पेटंट होतं. फोर्डने १९५७ ते १९५९ या तीन वर्षांत स्कायलायनर विकली. तिच्यात हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं, काहीच नव्हतं: सात मोटरी, दहा रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे स्विच), दहा लिमिट स्विच आणि ६१० फूट वायर. संगणक नाही. एक हालचाल पुरी झाली की तिथला स्विच दाबला जायचा आणि तो पुढच्या मोटरीला वीज द्यायचा. १९९६ च्या मर्सिडीज एसएलकेने हे काम पंप आणि सिलिंडरांवर सोपवलं आणि मग ही छतं सर्वत्र दिसू लागली. तंत्र बदललं तरी आधीचं काम झाल्याची खात्री पटल्याशिवाय पुढचं सुरू करायचं नाही, ही स्कायलायनरची अक्कल आजच्या छतांमध्येही आहे.

छत ठीक चालत असताना एकदा कुणाला तरी बटण दाबायला सांगा आणि बाहेरून मोबाइलवर चित्रण करून ठेवा. क्रम सहसा असा असतो: काचा थोड्या किंवा पूर्ण खाली, डिकीच्या झाकणाचं मागच्या दिशेचं लॅच सुटतं, झाकण उलटं उघडतं, पुढच्या चौकटीतली पकड सुटते, छताचे तुकडे एकमेकांवर घडी होतात, घडी डिकीत उतरते, झाकण मिटतं, लॅच लागतं, काचा वर. व्होल्वो सी७० च्या दुसऱ्या पिढीत तीन तुकडे आहेत. फोक्सवॅगन इऑसमध्ये पाच, आणि त्यातला एक सरकणारा काचेचा. तुकडे जितके जास्त तितके सांधे, खटके आणि रबरं जास्त. हे चित्रण फार कामाला येतं. बिघाड झाल्यावर छत नेमकं कितव्या हालचालीनंतर थांबलं हे त्याच्याशी ताडून पाहता येतं, आणि मग शोध संपूर्ण छतात न करता दोन सेन्सर, एक लॅच आणि एक सिलिंडर एवढ्यातच करायचा उरतो.

बॅटरीवर शंका घ्यायला लाजू नका

गाडी सुरू होते म्हणजे बॅटरी चांगली, हा समज इथे कामाचा नाही. स्टार्टर दोन सेकंद ओढतो. छताचा पंप वीस-पंचवीस सेकंद भरपूर अँपिअर ओढत राहतो, त्यातच काचांच्या मोटरी चालतात. व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की कंट्रोल युनिट छत थांबवतं, आणि ते छताचा दोष म्हणून नोंदवतं.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली असेल तर छताची चौकशी नंतर, आधी चार्जिंग. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं. मग छत चालवताना काटा बघा. क्षणभर खाली जाणं ठीक, पण इंजिन बंद असताना १० व्होल्टांकडे घसरत असेल तर बॅटरीची लोड टेस्ट करून घ्या. बंद गॅरेजमध्ये छताची चाचणी करायची असेल तर इंजिन चालू ठेवू नका, धूर जीवघेणा असतो. बॅटरीला चांगला चार्जर जोडा.

पुढची मोजणी फारसं कुणी करत नाही, पण मला ती सगळ्यात उपयोगी वाटते. पंप चालू असताना थेट पंपाच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १२.४ आणि पंपावर १०.५ असेल तर मधला जवळजवळ दोन व्होल्टांचा फरक कुठे तरी खाल्ला जातोय: काळवंडलेला रिले, सैल फ्यूज किंवा गंजलेली अर्थ (गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली निगेटिव्ह वायर). अर्थ तपासायला एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं पंपाच्या अर्थ वायरवर ठेवा आणि पंप चालवा. अर्ध्या व्होल्टाच्या वर काही दिसलं तर तो बोल्ट सोडा, पत्रा घासून लख्ख करा, परत बसवा. फ्यूज वारंवार उडत असेल तर मात्र मोठा फ्यूज घालायचा नाही. वायर जळेल, दोष तिथेच राहील.

बॅटरी काढून घातली असेल तर आणखी एक गंमत होते. काचांच्या मोटरी आपली वरची-खालची मर्यादा विसरतात आणि काच खाली गेल्याची खूण न मिळाल्याने छत हलायला नकार देतं. पुष्कळ गाड्यांत प्रत्येक काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरून ठेवलं की ती पुन्हा शिकते. नेमकी रीत पुस्तकात बघा. नवी बॅटरी घातल्यावर 'छत बिघडलं' म्हणणाऱ्याला मी हेच आधी विचारतो.

कान लावा

बटण दाबल्यावर काय ऐकू येतं यावरून पुढचा रस्ता ठरतो.

काहीच आवाज नाही: परवानगी किंवा वीज. सामानाचा पडदा, डिकीचं लॅच, गिअर न्यूट्रल किंवा पार्कमध्ये आहे का, ब्रेक दाबायला लागतो का, गाडी पूर्ण थांबलेली आहे का, फ्यूज, बटण स्वतः. पडद्याचा खटका, म्हणजे पडदा लागल्याचं सांगणारा छोटा स्विच, सगळ्यात वैतागवाणा. तो प्लॅस्टिकच्या कोनाड्यात असतो, सामानाचे धक्के खाऊन वाकतो, आणि पडदा लावलेला असूनही गाडी 'पडदा लावा' म्हणत राहते.

'टक्' होतं पण पुढे काही नाही: रिले ओढतोय, मोटर फिरत नाही. मोटरीचे कार्बन ब्रश झिजले असतील किंवा वर सांगितलेली व्होल्टेजची गळती. मोटरीवर पान्याच्या दांड्याने हलकेच टकटक केल्यावर ती फिरली तर ब्रशच.

पंप घुंई करून मोकळा फिरतो, छत हलत नाही: तेल कमी, दाबाचा व्हॉल्व्ह उघडा, किंवा पंपाच्या आत झीज.

पंप गुरगुरतो, आवाज जड होतो, छत जागच्या जागी: दाब आहे, पण वाट अडलीय. लॅच सुटलेलं नाही, काहीतरी अडकलंय किंवा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (तेलाची वाट विजेने उघडणारी झडप) उघडला नाही. इथे ताबडतोब बोट काढा. बहुतेक छतांमध्ये दाब शंभर बारच्या (हवेच्या दाबाच्या शंभरपट) वर जातो आणि बिजागरीचे हात वाकवायला तेवढा पुरतो.

छत उघडतं पण मिटत नाही, किंवा उलट: बऱ्याच पंपांची मोटर दोन्ही दिशांना फिरते आणि प्रत्येक दिशेला स्वतंत्र रिले असतो. दोन्ही रिले एकसारखे असतील तर त्यांची अदलाबदल करून बघा. दोष दिशा बदलून गेला तर रिले सापडला, पाच मिनिटांत आणि फुकट.

खटके, सेन्सर आणि बिजागरीतली वायर

छत मधेच एका ठरावीक जागी थांबत असेल आणि पंपाचा आवाज निरोगी असेल, तर बहुतेक वेळा एखादा सेन्सर साक्ष द्यायला नाकारतोय. झाकण पूर्ण उघडलेलं डोळ्यांना दिसतं, पण झाकणाचा खटका 'उघडलं' म्हणत नाही, म्हणून छत पुढे सरकत नाही.

इथे स्कॅनर हवा, आणि साधा इंजिनचे कोड (गाडीने नोंदवलेले दोषांचे क्रमांक) वाचणारा नको, त्या कंपनीच्या छताच्या कंट्रोल युनिटशी बोलणारा हवा. कोड वाचा, लिहून ठेवा, पण त्यावर लगेच विश्वास ठेवून सेन्सर मागवू नका. 'अमुक स्थिती पटत नाही' एवढंच कोड सांगतो. सेन्सर मेला, वायर तुटली, की खरोखरच झाकण पाच मिलिमीटर कमी उघडलं, हे तो सांगत नाही. लाइव्ह डेटा (सेन्सर त्या क्षणी काय सांगतायत ते) उघडा आणि कुणाला तरी छत चालवायला सांगून एकेक स्थिती ० ची १ होते का ते पाहा. जी होत नाही तिथे जा.

मायक्रोस्विच असेल तर कनेक्टर काढून मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि खटका बोटाने दाबा. दाबला-सोडला की आवाज बदलला पाहिजे. काही स्विचांच्या आत रेझिस्टर असतो, तिथे बीप येणार नाही, ओहमचा आकडा बदललेला दिसेल. हॉल सेन्सर मात्र बीपवर तपासता येत नाही. तो चुंबक जवळ आल्यावर सिग्नल देतो आणि त्याला स्वतःची वीज लागते. लाइव्ह डेटा चालू ठेवून छोटं चुंबक त्याच्याजवळ नेऊन बघा. चुंबकाने स्थिती बदलली तर सेन्सर जिवंत आहे. गाडीतलं चुंबक निसटलं असेल किंवा जागा हलली असेल.

आता माझी गोष्ट. छत झाकण उघडून थांबायचं. कधी चालायचं, कधी नाही. गरम दिवशी जास्त चालायचं. गॅरेजमध्ये झाकणाचा सेन्सर बदलला. आठवडाभर ठीक, पुन्हा तेच. शेवटी मीच झाकणाच्या डाव्या बिजागरीशी असलेली रबरी नळी मागे सरकवली. आत पंधराएक वायरींचा जुडगा कापडी टेपमध्ये गुंडाळलेला. टेप सोडली. सगळ्या वायरी बाहेरून अखंड. मग एकेक वायर दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ओढली. अकरा घट्ट. बारावी, तपकिरी-पांढरी, रबराच्या फितीसारखी ताणली गेली. वरचं आवरण शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. झाकण एका कोनात असलं की दोन टोकं एकमेकांना टेकायची आणि छत चालायचं. थंडीत आवरण आखडलं की टोकं दूर जायची. शेजारी आणखी दोन निम्म्या तुटलेल्या सापडल्या.

या छतांत झाकण दोन दिशांना उघडतं, सामानासाठी एकीकडे आणि छतासाठी दुसरीकडे. म्हणजे वायरी साध्या डिकीच्या दुप्पट वाकतात. त्यामुळे कुठलाही सेन्सर मागवण्याआधी बिजागरीतला जुडगा तपासा, हे मी आता कुणालाही सांगतो. जोड देताना तुटलेल्या जागी पीळ घालून टेप लावू नका. वाकणारा सगळा तुकडा काढून टाका आणि तिथे बारीक तारांची, सिलिकॉन आवरणाची लवचीक वायर घाला. जोड वाकणाऱ्या भागाच्या बाहेर, दोन्ही टोकांना, क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून) वर उष्णतेने आकसणारी नळी लावा. डाग देऊन (सोल्डर करून) केलेला जोड कडक होतो आणि वाकणाऱ्या जागी आला तर त्याच्या अगदी कडेला वायर पुन्हा तुटते. पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगशी संबंधित असतात, त्यांना हात लावू नका.

तेल

हायड्रॉलिक छताचं तेल संपत नाही, गळतं. टाकीत कमी दिसलं म्हणजे ते गाडीत कुठेतरी आहे: कार्पेटखाली, छताच्या अस्तरात, किंवा समोरच्या काचेच्या वरच्या चौकटीतून टपकत तुमच्या शर्टवर.

टाकी सहसा पंपालाच चिकटलेली असते आणि पंप डिकीच्या बाजूच्या कोनाड्यात किंवा फरशीखाली. पातळी कधी बघायची हे महत्त्वाचं आहे. सिलिंडरची दांडी बाहेर आलेली असते तेव्हा सिलिंडरमध्ये तेल जास्त मावतं आणि टाकीतलं कमी होतं. दांड्या आत गेल्या की तेवढं तेल टाकीत परत येतं. चुकीच्या स्थितीत 'कमाल'च्या रेषेपर्यंत भरलंत तर पुढच्या फेरीत तेल टाकीच्या तोंडातून बाहेर. छत उघडं ठेवून मोजायचं की मिटवून, ते पुस्तकात दिलेलं असतं. तेलही पुस्तकात सांगितलेलंच. ब्रेक ऑईल चुकूनही नाही. ते या सिलिंडरांची रबरं फुगवून टाकतं आणि मग एक सिलिंडर बदलायचा होता तिथे सगळे बदलावे लागतात.

गळती शोधताना पंपापासून सुरुवात करा आणि एकेका सिलिंडरपर्यंत जा. दांडी जिथून बाहेर येते तिथे पांढरा कागदी रुमाल गुंडाळून छताची एक फेरी करा, डाग पडेल तो दोषी. पंप चालू असताना नळीवरून बोट फिरवून गळती शोधू नका. एवढ्या दाबाची सुईसारखी धार कातडीत शिरते. बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, पण आत शिरलेलं तेल ही तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब असते. असं झालं तर दुखत नसलं तरी थेट हॉस्पिटल.

बहुतेक वेळा गळतं ते दांडीचं सील. पॉलियुरेथेनची जुनी सीलं वयाने विरघळतात. मी पहिला सिलिंडर उघडला तेव्हा सील सापडलंच नाही, खोबणीत तपकिरी, डिंकासारखा चिकट लगदा होता. सिलिंडर धातूचा आणि धड असतो, म्हणून नवा घेण्याऐवजी त्यात नवी सीलं घालून घेणं परवडतं. असे सिलिंडर सील करून देणारे कारागीर असतात. जपून काम करणाऱ्याला घरीही जमतं, पण पुढची काळजी घेऊन.

काढण्याआधी दाब पूर्ण सोडा आणि डिकीचं झाकण मोजून कापलेल्या लाकडी दांड्याने टेकवा. सिलिंडर सोडला की झाकणाला धरणारं दुसरं काही उरत नाही. सिलिंडरला दोन नळ्या असतात, एक ढकलायला, एक ओढायला. त्यांना वेगवेगळ्या रंगाच्या टेपा लावा आणि फोटो काढा. अदलाबदल झाली तर छत उघडायच्या वेळी मिटायला बघेल, आणि पंपाला हे कळणार नाही. उघड्या तोंडांवर लगेच टोपणं, कारण कचऱ्याचा एक कण व्हॉल्व्हमध्ये गेला तर काम वाढतं. दांडी उजेडात धरून नखाने चाचपा. नखाला ओरखडा लागला किंवा क्रोमवर गंजाचे टिपके असले तर नवं सील काही महिन्यांत कापलं जाईल, तिथे सिलिंडरच बदला. सर्व सिलिंडर एकाच वयाचे असतात. एक गळला की बाकीचे रांगेत उभे आहेत असं समजा; गाडी उघडलीच आहे तर सगळे एकदम करून घ्या.

परत जोडल्यावर एअर काढायला बहुतेक गाड्यांत वेगळा नट नसतो. टाकी भरा, छत हळू, अर्धं-अर्धं चालवा, दोन फेऱ्यांनंतर थांबा, फेस खाली बसू द्या, पातळी बघा, पुन्हा. सुरुवातीला छत झटके देत चालेल, मग सुतासारखं होईल. पंप कोरडा फिरू देऊ नका.

हायड्रॉलिक नसलेली छतं

माझदा एमएक्स-५ च्या तिसऱ्या पिढीचं घडीचं कडक छत निव्वळ विजेच्या मोटरींवर चालतं, साधारण १२ सेकंदांत, आणि ते डिकीची जागाही खात नाही. अशा छतात तेलाचा प्रश्नच नाही. उरतं ते मोटर, दाते, लिमिट स्विच आणि दोन्ही बाजूंची जुळणी. एक बाजू दुसरीच्या पुढे गेली की छत तिरकं दिसतं. तेव्हा थांबा, ढकलू नका.

नीट न बसणारं छत, आणि पाणी

छत मिटतं, पण दिवा लुकलुकतच राहतो किंवा वळणावर कुरकुर येते, तर पुढच्या चौकटीतली भोकं आणि त्यात बसणाऱ्या खुंट्या पुसा. तिथे पानं, वाळू, वाळलेलं ग्रीस साचतं. जुळणीचे बोल्ट मात्र अंदाजाने सैल करू नका. आधी प्रत्येकाची जागा मार्करने आखा, कारण एका बिजागरीतला एक मिलिमीटर दुसऱ्या टोकाला अर्ध्या सेंटिमीटरचा होतो.

रबराची पकड तपासायला कागदाची पट्टी पुरते. पट्टी रबर आणि काचेच्या मधे ठेवून मिटवा आणि ओढा. सरसर निघाली तिथून पाणी येणार. रबरं सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग कंपनीने सांगितलेलं सिलिकॉन किंवा फ्लोरिनयुक्त वंगण अगदी पातळ लावा. पेट्रोलियम जेली आणि सर्व रोगांवर मारायचे गंजतोडे स्प्रे इथे नकोत, त्यांनी रबर सुजतं. पाण्याची चाचणी साध्या पाइपच्या मंद धारेने, खालून वर जात करा, आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा. प्रेशर वॉशरची धार चांगल्या रबरातूनही आत जाते, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

खरं नुकसान रबरापेक्षा तुंबलेल्या नाल्या करतात. छत आणि झाकणाच्या खोबणीतलं पाणी बारीक नळ्यांतून गाडीखाली जातं. त्या पानांनी भरल्या की पाणी डिकीच्या फरशीखाली उतरतं, नेमकं तिथे, जिथे पंप आणि कंट्रोल युनिट असतात. वर्षातून दोनदा खोबणीत छोटी बाटलीभर पाणी ओता आणि गाडीखाली वाकून बघा, ते दोन्ही बाजूंनी पडलं पाहिजे. नाही पडलं तर गवत कापायच्या मशीनची मऊ नायलॉन दोरी घालून मोकळं करा. दाबाची हवा मारू नका, आतल्या आत नळी जोडातून निसटते आणि मग ते पाणी कुठे जातंय हे कळायला सगळं अस्तर उतरवावं लागतं. डिकीची चटई उचलून खालचा फोम हाताने दाबून बघा. ओला लागला तर छताचा कुठलाही कोड वाचण्याआधी तो वाळवा, आणि पंपाचे कनेक्टर उघडून हिरवट गंज आहे का ते पाहा.

दुरुस्ती झाली की गाडी लगेच ताब्यात घेऊ नका. छत चार वेळा पूर्ण फिरवून घ्या, दोन फेऱ्यांमध्ये पंप थंड होण्याइतकं थांबून. एक फेरी इंजिन चालू ठेवून, एक बंद ठेवून, आणि एक मधेच बटण सोडून पुन्हा दाबून. कोड पुसल्यानंतर परत वाचून घ्या. काढलेले जुने भाग मागून घ्या. आणि पहिले काही दिवस कार्पेटवर, त्या सिलिंडरच्या बरोब्बर खाली, एक पांढरा कागद ठेवा.